दोघेही जावानी, मग बोलणे इंडोनेशियनमध्ये का?

प्रश्न : माझा मुलगा इंडोनेशियात, जावा बेटावरील योग्यकर्ता येथील एका विद्यापीठात शिकतो. तेथील जावानी विद्यार्थी आपसांत जावानी बोलतात. पण प्राध्यापक जावानीच असले, तरी त्यांच्याशी इंडोनेशियनमध्ये बोलतात. त्यांना मातृभाषेची लाज वाटते का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : काहींना वाटतही असेल, परंतु मुख्य कारण मला जावानीच्या घडणीतच दिसते. या भाषेत समोरच्याच्या मानानुसार सर्वनामच काय, रोजचे साधे शब्दही बदलतात. मित्रांशी बोलायची ती न्गोको, आदराने बोलायची ती क्रामा. त्यातही प्राध्यापकांच्या जेवण्याला ‘डाहार’ म्हणायचे आणि त्यांच्यासमोर स्वतःच्या जेवण्याला ‘नेडा’. स्वतःविषयी ‘डाहार’ म्हणणे म्हणजे आपणच आपला मान राखणे, आणि ती ठळक चूक समजली जाते. आपल्याला ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ एवढेच सांभाळावे लागते. तेथे असा विवेक वाक्यावाक्याला करावा लागतो. घरात न्गोकोच ऐकत वाढलेल्या मुलाला क्रामा नीट येत नाही आणि गुरूंशी न्गोकोत बोलणे उद्धटपणाचे ठरते, म्हणून तो इंडोनेशियनकडे वळतो. त्या भाषेत ‘बापाक’ (वडील) किंवा ‘इबू’ (आई) असे संबोधले, की आदर पोहोचतो. आपल्या भाषेत आपल्याकडून अवमान होईल, या धास्तीने तो ती भाषाच टाळतो.

याला इतिहासाचीही जोड आहे. 28 ऑक्टोबर 1928 रोजी युवकांनी घेतलेल्या शपथेत ऐक्याची भाषा म्हणून इंडोनेशियन स्वीकारली गेली. जावानी भाषकांची संख्या सर्वांत मोठी असूनही या इंडोनेशियनचा पाया मलाय भाषेचा होता, आणि मलायमध्ये जावानीसारख्या मानाच्या पायऱ्या नव्हत्या. 2003 च्या शिक्षण कायद्यानेही शिक्षणाचे माध्यम इंडोनेशियनच ठरवले असून प्रादेशिक भाषांना प्रारंभिक टप्प्यावर, गरजेपुरती मुभा ठेवली आहे. शिवाय देशात 700 हून अधिक भाषा आहेत. गटात सुमात्रा किंवा सुलावेसी अशा दुसऱ्या बेटावरचा एक जरी सहाध्यायी असला, तरी निवडीचा प्रश्नच उरत नाही.

मला काळजी वाटते ती क्रामाची. न्गोको मित्रांच्या गप्पांत टिकेल. क्रामा मात्र प्रत्येक वेळी टाळली, की पुढच्या वेळी अधिकच अवघड होते. येथे पुढाकार प्राध्यापकांनी घ्यायला हवा. ‘चुकलात तरी चालेल, क्रामात बोला’ असे वर्गाबाहेर तेच म्हणू शकतात, कारण चूक पोटात घालण्याचा अधिकार त्यांचाच आहे. आपल्या मुलाने जावानी मित्रांना एवढे जरूर विचारावे, की आजीशी ते कोणत्या भाषेत बोलतात.