जुन्या टोटल स्टेशनची (जमीन मोजायच्या मशीनची) बॅटरी मेली आहे. मोटरसायकलची १२ व्होल्टची जोडली तर चालेल का?

थेट जोडू नका. मूळ पॅक बाजारात मिळत नाही आणि घरात १२ व्होल्टची पडून आहे, असं तुम्ही म्हणता. १२ व्होल्टवर काम भागेल, पण आधी मेलेल्या पॅकवरचं लेबल वाचा.

जुन्या पॅकमध्ये बहुधा निकेल-कॅडमियमचे सेल असतात, एकेक १.२ व्होल्टचा. सहा सेल म्हणजे ७.२. काही मशीन ६ व्होल्टवर चालतात, काही खरोखर १२ वर. चोपड्याकडे एका शिवारात मी ७.२ चं मशीन सरळ जीपच्या बॅटरीला लावलं होतं. थोडं जास्त गेलं तर काय होतंय, म्हटलं! जीप चालू होती, म्हणजे १२ सुद्धा नव्हे, १४ च्या आसपास. स्क्रीन एकदा चमकली आणि विषय संपला. बोर्ड दुरुस्तीला त्या मोजणीच्या मजुरीपेक्षा जास्त पैसे गेले.

आता मी मध्ये बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्ट कमी करणारं छोटं सर्किट, टाकतो. काडेपेटीएवढा असतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. मशीन ७.२ चं असेल तर, ते न जोडता, मल्टिमीटर लावून बारीक स्क्रूने ७.२ ते ७.५ वर आणायचा. मग त्या स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब (पोरीची बाटली पळवली, बोलणी खाल्ली). नाहीतर आपल्या रस्त्यांवर जीपच्या हादऱ्यांनी तो हळूच फिरतो. बॅटरीच्या प्लसजवळच २ अँपिअरचा फ्यूज टाका. प्लस-मायनस मीटरने बघा, वायरच्या रंगावर विसंबू नका.

जोडायला वेगळा प्लग शोधत बसू नका. मेलेला पॅक उघडा, सेल काढा, रिकाम्या खोक्यातल्या मूळ पट्ट्यांना वायर सोल्डर करा. प्लस-मायनस सोडून तिसरी पट्टी असेल तर ती मोकळी ठेवा. सेल बांधावर टाकू नका, कॅडमियम विषारी आहे. ई-कचरा घेणाऱ्याला द्या.

बॅटरी मोटरसायकलची नको. ती पाणी घालायची असेल तर आडवी झाली की ॲसिड सांडतं. यूपीएसमधली ७ अँपिअर-अवरची सीलबंद घ्या, दोन-अडीच किलो भरते. मे महिन्यात रावेर-यावलकडे पारा ४४ ला टेकतो, तेव्हा ती ट्रायपॉडच्या सावलीत ओल्या गोणपाटावर ठेवायची. मशीनवरची बॅटरीची खूण आता खोटं बोलेल, कारण कन्व्हर्टर शेवटपर्यंत ७.२ च देत राहतो. म्हणून अधूनमधून बॅटरीवरच मीटर लावा, ११.५ च्या खाली गेली की काम थांबवा. अंतर घेतानाच मशीन बंद पडत असेल तर बहुधा वायर बारीक आहे.

वायरला ट्रायपॉडच्या पायाशी एक ढिला वळसा देऊन बांधा. कुणाचा पाय अडकला तर झटका ट्रायपॉडच्या पायावर जाईल, मशीनची पातळी दाखवणारा बबल हलणार नाही.

मशीन पहिल्यांदा चालू झालं की आधी जुने जॉब (साठवलेल्या मोजण्या) उतरवून घ्या. आतला मेमरीचा छोटा सेलही तेवढाच म्हातारा झालेला असतो.