दुपारी एक ते रात्री आठ

पत्र : माझा मुलगा दहा वर्षांचा असून पाचवीत शिकतो. उंची १३८ सेंटिमीटर, वजन ४६ किलो. मी फोर्टला बँकेत नोकरी करते आणि घरी पोहोचायला रात्रीचे आठ वाजतात. त्याची शाळा सकाळची असल्यामुळे दुपारी एकपासून तो सासूबाईंजवळ असतो. वर्गातली मुले त्याला ‘ढोल्या’ म्हणतात, म्हणून त्याने सोसायटीत खाली खेळायला जाणेही सोडले आहे. मी इंटरनेटवरून डाएटचा तक्ता काढून फ्रिजवर लावला, तर सासूबाई म्हणतात, “वाढत्या वयाच्या पोराला उपाशी ठेवतेस?” यजमान हसण्यावारी नेतात : “मीही लहानपणी असाच होतो, आपोआप उतरेल.” गेल्या आठवड्यात त्याची गादी उचलली, तर खाली बिस्किटांची आणि वेफर्सची रिकामी पाकिटे निघाली. रागाच्या भरात मी त्याला दोन धपाटे घातले. त्या रात्री तो जेवला नाही. त्याला आणखी कडक डाएटवर ठेवू का? (मुलुंड, नाव छापू नये)

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. कडक डाएट मुळीच नको, आणि फ्रिजवरचा तो तक्ताही आज रात्रीच काढून टाका. कोणी आणि कोणासाठी तयार केला हे ठाऊक नसलेला तक्ता दहा वर्षांच्या मुलाला लागू करणे मुळातच धोक्याचे असते. त्यातून तो स्वयंपाकघरात सर्वांच्या डोळ्यांसमोर लावल्यामुळे, साखर मागायला आलेल्या शेजारणीलाही तुमच्या मुलाचे वजन हा या घरातला सध्याचा मुख्य प्रश्न आहे हे त्याच्या देखत कळते.

यजमानांचे म्हणणेही मला पटत नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून त्याचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २४ च्या थोडा वर जातो. मोठ्या माणसाच्या बाबतीत एवढ्याने कोणी फारसे घाबरले नसते, परंतु मुलांचा आकडा त्यांचे वय आणि मुलगा की मुलगी हे पाहून वाढीच्या आलेखावर ताडावा लागतो. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी जे सुधारित आलेख काढले, त्यांवर दहा वर्षांच्या मुलाचा हा आकडा लठ्ठपणाच्या रेषेच्या वर पडतो. ‘आपोआप उतरेल’ हे काही मुलांच्या बाबतीत खरे ठरते. पण वाढलेले वजन जितके मोठ्या वयापर्यंत टिकते, तितकी ते पुढे कायम राहण्याची शक्यता वाढत जाते, आणि यकृतावर चरबी साठणे, रक्तदाब वाढणे, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह हे विकार आता शाळकरी वयातही आढळतात. यजमानांचे वजन त्या वेळी उतरले असेलही. त्या वयात ते दिवेलागणीपर्यंत कुठे हुंदडत असत, हे मात्र एकदा त्यांच्या आईलाच विचारा.

दिलाशाची गोष्ट अशी की, या वयात बहुतेक मुलांचे वजन उतरवावे लागत नाही. ते आहे तिथे थोपवून धरले तरी पुरते, कारण उंची वाढत असते. वयात येण्यापूर्वी मुले वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात. तुमच्या मुलाचे वजन ४६ किलोवरच राहिले आणि उंची १४३ झाली, तर त्याचा २४ चा आकडा २२.५ वर येतो, आणि उंची १४९ होईपर्यंत २१ च्याही खाली उतरतो. वर्षात एखाद-दोन किलो वाढले, तरी आलेख खालीच वळतो. म्हणून ‘महिन्यात चार किलो’ अशी घाई करू नका आणि दर सकाळी त्याला काट्यावर उभे करू नका. महिन्यातून एकदा वजन पाहिले तरी चालेल. जेवण चुकवायला लावणे, रात्री फक्त सूप देणे, बाजारातल्या वजन उतरवण्याच्या पावडरी किंवा काढे देणे, यांतला कोणताही प्रकार मुलावर करायचा नाही. त्याने हाडे, स्नायू आणि उंची यांना लागणारे अन्न तुटते आणि उपाशी मूल संधी मिळताच दुप्पट खाते.

आता गादीखालच्या पाकिटांविषयी. तुम्हाला त्यात लबाडी दिसली. मला त्यात एवढेच दिसते की आपल्याला भूक लागली आहे, किंवा काहीतरी चटपटीत खावेसे वाटते आहे, हे मोकळेपणी सांगण्याची सोय त्या मुलाला घरात उरलेली नाही. वर्गात ढोल्या, घरात तक्ता, बाबांची थट्टा आणि आईचे धपाटे एवढे सोसल्यावर कोणीही लपूनच खाईल. मुलाच्या वजनावरून घरच्यांनी केलेल्या चेष्टेने आणि टोमण्यांनी वजन उतरत नाही, उलट लपून खाणे आणि वजन दोन्ही वाढतात, हे या क्षेत्रातल्या अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे त्याला जवळ घेऊन, “मी तुला मारायला नको होतं. भूक लागली की मला नाहीतर आजीला सांग, लपवून खायची गरज नाही,” एवढे म्हणा आणि तिथेच थांबा, त्याला ‘पण तूही…’ असे शेपूट जोडू नका. पुन्हा गादी उचलून तपासणीही करू नका. त्याऐवजी ही पाकिटे घरात येणेच बंद करा, आणि ते सर्वांसाठी बंद असू द्या. यजमान शनिवारी फरसाणाचा पुडा आणून टीव्हीसमोर फोडणार आणि मुलाने मात्र काकडी खायची, हा न्याय दहा वर्षांच्या मुलाला बरोबर कळतो. इतके करूनही तो वरचेवर भराभर, पोट दुखेपर्यंत खात राहिला आणि मागाहून त्यासाठी रडत राहिला, तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावी.

तुमचे पत्र वाचताना माझे लक्ष वजनाच्या आकड्यापेक्षा घड्याळाकडे अधिक गेले. दुपारी एक ते रात्री आठ या सात तासांत तो काय खातो, किती बसून राहतो आणि कोणाशी बोलतो, याचा तुमच्या पत्रात एका शब्दानेही उल्लेख नाही. आणि तुमचा तक्ता तर तुम्ही घरी नसताना पाळायचा होता. आईवडील दोघेही लोकल पकडून दिवसभर बाहेर असलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच घरांत या वेळेचे चित्र मी असे पाहते : एकला शाळेतून आल्यावर टीव्ही पाहत वरणभात आणि पोळी, चारला दोन चमचे पावडर आणि वर दोन चमचे साखर घातलेले दूध, सोबत खारी नाहीतर क्रीमचे बिस्कीट, क्लासहून येताना कोपऱ्यावरचा वडापाव, सातला ‘आई येईपर्यंत काहीतरी’ म्हणून मॅगी, आणि नऊला आईबरोबर पुन्हा पूर्ण जेवण, कारण दिवसभरात आईबरोबर बसण्याची तीच एक वेळ. यांतले प्रत्येक खाणे वेगळे पाहिले तर कोणाला त्यात वावगे वाटत नाही. तुमच्या घरी नेमके असेच असेल असे नाही. म्हणून एखाद्या रविवारी दुपारी सासूबाईंच्या शेजारी बसा आणि भाजी निवडता निवडता त्याचा दिवस कसा जातो ते विचारा. हातात वही-पेन घेऊ नका, नाहीतर तो जबाब होईल.

त्या दुधाच्या ग्लासाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तो ग्लास ताकदीचा समजून दिला जातो. डब्याच्या मागच्या बाजूला शंभर ग्रॅम पावडरीत साखर किती ग्रॅम आहे ते छापलेले असते. ते एकदा भिंग लावून सासूबाईंबरोबर वाचा. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना, अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नका, असे कळवले होते. साधे दूध, साखर हळूहळू कमी करत, पुरेसे आहे. शीतपेयांत शंभर मिलिलिटरमागे साधारण दहा ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे सहा चमचे. ती घरात नकोच, आणि खोक्यातला फळांचा रसही नको. (शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, साखर आणि मीठ जास्त असलेले पदार्थ विकू नयेत असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. आपल्या शहरात तो कुठे पाळला जातो ते मला एखाद्या वाचकाने जरूर कळवावे.)

सासूबाईंशी भांडून हे सात तास तुमच्या हाती येणार नाहीत. त्यांच्या पिढीने अंगावर मूठभर मांस नसलेली, तापाने खंगलेली मुले पाहिली आहेत; भरलेले गाल हे त्यांच्या लेखी आईने आणि आजीने कर्तव्य केल्याची खूण आहे, आणि तुम्ही तक्ता लावलात तेव्हा तो त्यांच्या हातच्या खाण्यावर ठेवलेला ठपका वाटला असणार. शिवाय सुनेने सांगितले तर तो वाद होतो, तेच डॉक्टरांनी सांगितले तर ते पथ्य होते. म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे जाताना त्यांना बरोबर घेऊन जा आणि मधल्या वेळच्या खाण्याचा सगळा कारभार उघडपणे त्यांच्याकडे द्या. ‘कमी द्या’ असे म्हणू नका, कारण ते त्यांच्याने होणार नाही. ‘मॅगीऐवजी तुमचे थालीपीठ करा, तसे मला जमत नाही,’ असे म्हटलेत तर होईल, आणि ते खोटेही ठरणार नाही. भाज्या घातलेले घावन, मोड आलेल्या मुगाची उसळ, मूठभर भाजलेले शेंगदाणे, उकडलेले अंडे, पेरू, ताक, यांतले काहीही चालेल, आणि ते साडेचारच्या सुमारास पोटभर असले तर सातचे ‘काहीतरी’ आपोआप मागे पडते. जेवणात अर्धे ताट भाजी आणि कोशिंबिरीचे, उरलेल्या अर्ध्यात एकीकडे पोळी किंवा भात आणि दुसरीकडे डाळ, उसळ किंवा मासे, आणि टीव्ही व मोबाइल बंद, एवढे सर्वांनी पाळावे. दुसऱ्यांदा भात मागितला तर नाही म्हणू नका. दहा मिनिटे गप्पा मारा आणि तरीही हवा असेल तर वाढा. गणपतीत मोदक खाऊ द्या, वाढदिवसाला केक खाऊ द्या, आणि ‘एकच हं’ असे चारचौघांत सांगू नका.

झोपेचा प्रश्नही याच वेळापत्रकात अडकला आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तासांची झोप लागते. सकाळच्या शाळेसाठी सहाला उठणारा मुलगा तुमची वाट पाहून नऊला जेवतो आणि अकराला झोपतो, म्हणजे त्याला जेमतेम सात तास मिळतात. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक आणि गोडाची ओढ वाढते. त्याचे जेवण आजीबरोबर साडेसातला होऊ द्या, आणि तुम्ही आलात की तुमच्या जेवणाच्या वेळी त्याला शेजारी बसवून बोलत राहा. हे पहिले काही दिवस तुम्हालाच त्याच्यापेक्षा जड जाईल असा माझा अंदाज आहे.

खेळाचे काम यजमानांकडे द्या. रोज तासभर दम लागेल असे काही व्हावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, पण ते सलग किंवा मैदानावरच व्हायला हवे असे नाही. सोसायटीत पार्किंगमुळे जागा नसेल, किंवा ‘चेंडू खेळण्यास सक्त मनाई’ची पाटी असेल, आणि खाली तीच चिडवणारी मुले असतील, तर त्याला तिथे ढकलू नका. पोहणे अशा मुलांना विशेष मानवते, कारण पाण्यात वजनाचा भार गुडघ्यांवर येत नाही आणि कोणाच्या पुढे धावायचे नसते. तुमच्याकडे कालिदास नाट्यगृहाला लागूनच महापालिकेचा तरणतलाव आहे, तिथे चौकशी करा. मात्र चारचौघांत सदरा काढायला तो लाजेल, तेव्हा बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट मागितला तर मुकाट्याने आणून द्या. रविवारी बाप-लेकांनी बरोबर जावे, आणि ते वजनासाठी आहे हे त्याला सांगण्याची काहीच गरज नाही. त्या बदल्यात यजमानांनी घरातली ती थट्टा मात्र पूर्णपणे थांबवावी. आणि तुम्हीही जेवताना ‘आज मी भात सोडला, फार सुटले आहे मी,’ असे त्याच्यासमोर म्हणत असाल, तर तेही थांबवा. वर्गातल्या ‘ढोल्या’बद्दल वर्गशिक्षिकेला एकटीने भेटून बोला, मुलाला न्यायाला उभे करू नका.

डॉक्टरांची भेट मात्र पुढे ढकलू नका. त्याची मान मागून आणि काखेत काळवंडली असेल आणि कातडी जाडसर, मखमली लागत असेल, तर तो मळ समजून घासत बसू नका. शरीराला इन्सुलिन नीट वापरता येत नसल्याची ती खूण असू शकते. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, गुडघा किंवा मांडी दुखून लंगडणे, यांपैकी काही आढळले तर तेही सांगा, आणि सारखी तहान लागून वारंवार लघवीला जावे लागत असेल तर त्याच दिवशी दाखवा. ‘थायरॉइड असेल’ असे नातेवाईक हमखास सुचवतात. थायरॉइडमुळे वजन वाढलेल्या मुलाची उंची सहसा खुंटते, त्यामुळे उंची नीट वाढत असेल तर ते कारण असण्याची शक्यता कमी असते. साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताच्या तपासण्या करायच्या का, हे डॉक्टर ठरवतील. नेहमीचे बालरोगतज्ज्ञ नसतील तर परळचे वाडिया बालरुग्णालय किंवा सायन रुग्णालयाचा बालरोग विभाग आहे. जाताना त्याच्या लसीकरणाच्या पुस्तिकेतल्या आणि शाळेच्या आरोग्यपत्रकांतल्या उंची-वजनाच्या जुन्या नोंदी सोबत घ्या, म्हणजे वजनाची रेषा नेमकी कोणत्या वर्षापासून वर चढू लागली हे डॉक्टरांना पाहता येईल; आणि वजनाविषयीचे सविस्तर बोलणे सुरू होईल तेव्हा यजमानांना मुलाला घेऊन बाहेरच्या बाकावर बसायला सांगा.