२००५ च्या शेव्ही सिल्व्हराडोला (५.३ लिटर) कोणते हेडर्स बसवावेत?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: तुम्ही ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहता, गाडी २००५ ची सिल्व्हराडो १५००, ५.३ लिटरची व्ही-८, आणि सुट्टीच्या दिवशी बोट ओढून गॅल्व्हेस्टनला नेता. सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून टिकटिक ऐकू येते, इंजिन तापलं की थांबते. दुकानदार म्हणाला, बिडाचे मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारे ओतीव भाग) काढून टाका, त्यांच्या जागी लाँग ट्यूब हेडर्स (लांब, पातळ स्टीलच्या नळ्या) बसवा, आवाज जाईल आणि ताकदही वाढेल. तर कोणत्या कंपनीचे घ्यावेत?

मी डॅलसच्या बाजूला राहतो. याच पिढीची, याच इंजिनाची गाडी वापरतो आणि मित्रांच्या अशाच गाड्यांखाली बरेच रविवार घालवलेत. कंपनीचं शेवटी बोलू. आधी ती टिकटिक, कारण हेडर्स हे तिच्यावरचं औषध नव्हे.

तुम्ही सांगितलेली लक्षणं एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटल्याची आहेत, आणि या इंजिनांत ते फार नेहमीचं आहे. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा. तापमान सारखंच वाढलं तर ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीच्या आसपास पसरतं, शिवाय मॅनिफोल्ड हेडपेक्षा कितीतरी जास्त तापतो. म्हणजे गाडी तापते-निवते तेव्हा दर वेळी दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर थोडे सरकतात. मधल्या बोल्टना ते फारसं जाणवत नाही, टोकाच्या बोल्टना सगळा ताण सोसावा लागतो. ८ मिलिमीटरचा बोल्ट, वर्षानुवर्षं असा हलत राहिला की एक दिवस डोकं उडतं. बहुतेक वेळा सर्वांत मागचा, फायरवॉलजवळचा (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळचा), म्हणजे ७ किंवा ८ नंबरच्या सिलिंडरपाशी. इंजिन गार असताना तिथल्या फटीतून वायू फुसफुसतो, धातू तापून पसरला की फट मिटते आणि आवाज थांबतो.

तपासायला पैसे लागत नाहीत. गाडी रात्रभर गार होऊ द्या. पुढचं चाक काढा, आतलं प्लॅस्टिकचं फेंडर लायनर सोडा. तिथून मॅनिफोल्ड वरून दिसतो त्यापेक्षा खूप चांगला दिसतो. एका बाजूला सहा बोल्ट असायला हवेत. विजेरी आणि छोटा आरसा घेऊन मोजा. मागच्या टोकाला बोल्टच्या डोक्याऐवजी रिकामं भोक दिसलं आणि त्याच्या बाजूला हेडवर पंख्यासारखी पसरलेली काळी काजळी दिसली, तर कारण सापडलं. दुसऱ्या बाजूलाही बघा, पुष्कळदा दोन्हीकडे तुटलेले असतात.

आता विचार करा, याच अवस्थेत नवे हेडर्स लावले तर काय होईल? तुटलेला तुकडा हेडमध्ये तसाच राहील, त्या टोकाला फ्लँज (हेडवर टेकणारी जोडपट्टी) दाबायला काही नसेल, आणि गळती पहिल्या दिवसापासून सुरू. शिवाय बीड जाड असतं, आवाज गिळतं. हेडरची नळी पातळ असते, त्यामुळे तीच टिकटिक आणखी मोठ्याने ऐकू येईल. म्हणून हेडर्स घ्या किंवा घेऊ नका, तुटलेले बोल्ट काढणं टळत नाही. खरं काम तेच आहे.

तुकडा हेडच्या बाहेर थोडा डोकावत असेल तर नशीब समजा. त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करायचं. वेल्डिंगच्या उष्णतेने आट्यांमधला गंज सुटतो. लाली गेली की पान्याने हळूहळू पुढे-मागे करत फिरवायचं, एका दमात जोर लावायचा नाही. तुकडा हेडच्या पातळीत असेल तर आधी वॉशर वेल्ड करून मग त्यावर नट. आत तुटला असेल तर ड्रिल करावं लागतं, आणि इथे घाई करणाऱ्यांचे हेड खराब होतात: बोल्ट कठीण, ॲल्युमिनियम मऊ, ड्रिल बरोबर मधोमध बसलं नाही तर ते घसरून मऊ बाजूला शिरतं. उलट्या फिरणारं, डाव्या आट्याचं ड्रिल वापरलं तर छिद्र पाडतानाच कधीकधी तुकडा बाहेर येतो. हात बसलेला नसेल तर हे काम चांगल्या मशीन शॉपला किंवा घरी येऊन काम करणाऱ्या वेल्डरला द्या. डॉर्मन कंपनीचा एक क्लॅम्प मिळतो, तो हेडच्या टोकाला असलेल्या दुसऱ्या भोकाचा आधार घेऊन मॅनिफोल्ड दाबून धरतो. तात्पुरती सोय म्हणून तो ठीक आहे. मी मात्र तुकडा काढूनच घेईन.

मॅनिफोल्ड काढलेलाच असेल तर त्याच्या तोंडावर स्टीलची सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. वाकडा झाला असेल तर मशीनवर सपाट करून घ्या किंवा नवा घ्या. तसाच बसवला तर नवा बोल्टही तुटेल. गॅस्केट पत्र्याच्या अनेक थरांचं, मूळ गाडीला येतं तसलं. बोल्ट मधून बाहेर कसत जायचं, पहिल्या फेरीत ११ फूट-पौंड, दुसऱ्या फेरीत १८. टॉर्क रेंच हवाच.

एवढं केलं की टिकटिक जाते. यापुढचा प्रश्न: ताकदीसाठी हेडर्स घ्यायचे का?

हेडर्समुळे फरक का पडतो, तो या इंजिनाच्या फायरिंग ऑर्डरमधून, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या क्रमातून, नीट दिसतो: १-८-७-२-६-५-४-३. ड्रायव्हरकडच्या बाजूला विषम नंबरचे सिलिंडर आहेत, ते १, ७, ५, ३ या क्रमाने पेटतात. ३ नंतर क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) फक्त ९० अंश फिरला की लगेच १. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर दोनशेहून जास्त अंश उघडा राहतो. म्हणजे ३ नंबरचा धूर अजून बाहेर पडतोय तोवर १ नंबरचा जोराचा झोत त्याच बिडाच्या पोकळीत येऊन आदळतो. पलीकडच्या बाजूला हीच गत २ आणि ६ ची. लाँग ट्यूब हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला अडीच-तीन फुटांची स्वतंत्र वाट मिळते, मग चारही नळ्या कलेक्टरमध्ये एकत्र येतात. झोत एकमेकांना अडवत नाहीत, उलट एकाच्या मागे तयार झालेला कमी दाब पुढच्याला ओढून घेतो. शॉर्टी म्हणजे आखूड नळ्यांच्या हेडरमध्ये ही वाट फुटाच्या आसपासच असते, म्हणून फायदाही थोडाच. शॉर्टी विकणारे मोठे आकडे सांगतील, त्यावर जाऊ नका.

आता नळीची जाडी. ट्रकसाठी हेडर निवडताना मी कंपनीच्या नावापेक्षा याला जास्त महत्त्व देतो. बाजारात मुख्यतः १ ५/८ इंच, पावणेदोन इंच आणि १ ७/८ इंच अशा नळ्या दिसतात. आकडे जवळजवळ वाटतात, पण १ ७/८ चं तोंड १ ५/८ पेक्षा क्षेत्रफळाने जवळपास एक तृतीयांश मोठं. नळी मोठी तर वायूचा वेग कमी, आणि कमी आरपीएमला वेग कमी झाला की मघाशी सांगितलेली ओढ मिळत नाही. तुमच्या इंजिनाचा आकडा २९५ हॉर्सपॉवर, तोही ५२०० आरपीएमला. कमाल टॉर्क ३३५ फूट-पौंड, ४००० ला. बोट मागे लावून हायवेवर तुम्ही २००० ते ३००० मध्येच असता, रॅम्पवरून ओली बोट वर ओढताना तर त्याहून खाली. १ ७/८ च्या नळ्या मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकलेल्या, वरच्या आरपीएमला पळणाऱ्या इंजिनांसाठी आहेत. मूळ कॅमच्या ५.३ ला, ओझं ओढायचं असेल तर, १ ५/८ उत्तम. पावणेदोन चालेल. त्यापुढे जाऊ नका.

पण लाँग ट्यूबची दुसरी बाजू दुकानदाराने सांगितलेली दिसत नाही. तुमच्या गाडीचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारे डबे, थोडक्यात कॅट) मॅनिफोल्डच्या खाली लगेचच, दोन्ही बाजूंचा धूर एकत्र आणणाऱ्या वाय-पाइपमध्ये आहेत. लाँग ट्यूबचा कलेक्टर नेमका त्याच जागी येतो. म्हणजे कॅट काढावे लागतात किंवा मागे सरकवावे लागतात, ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी लांबवाव्या लागतात, आणि मग पी०४२० किंवा पी०४३० (कॅट नीट काम करत नसल्याचा) कोड येऊन चेक इंजिनचा दिवा लागायची शक्यता. काही जण ट्यूनमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये) तो कोडच बंद करतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे कॅट काढणं किंवा अशी पळवाट काढणं फेडरल क्लीन एअर ॲक्टच्या विरुद्ध आहे, आणि १९९० च्या दुरुस्तीपासून ते गॅरेजवाल्यांप्रमाणेच गाडीमालकालाही लागू होतं. टेक्सासने २०२५ पासून खासगी गाड्यांची सेफ्टी तपासणी बंद केली हे खरं, पण फोर्ट बेंड आणि हॅरिससकट काही काउंट्यांमध्ये धुराची चाचणी चालूच आहे, गाडी २४ वर्षांची होईपर्यंत. दिवा लागलेला असेल तर नोंदणीच्या वेळी अडकाल. आणि त्यापलीकडे, तो धूर आपल्याच गल्लीत सोडला जातो. मुलं सायकल चालवतात त्या रस्त्यावर बिनकॅटची गाडी मला पटत नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

म्हणून हेडर घ्यायचाच झाला तर शॉर्टी घ्या, जो मूळच्या वाय-पाइपला जसाच्या तसा जोडला जातो आणि कॅट, सेन्सर जागचे हलवत नाही. त्यावर कॅलिफोर्नियाच्या कार्बचा (तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर आहे का बघा, आणि तो तुमच्या वर्षाला आणि इंजिनाला लागू आहे का तेही. टेक्सासात तो नंबर मागणारं कोणी नाही, पण प्रदूषण वाढत नाही हे तपासल्याची ती खूण आहे आणि केंद्राची पर्यावरण संस्था ईपीएही तो आधार मानते. पुढेमागे कॅलिफोर्नियात बदली झाली तर त्या नंबरशिवाय स्मॉग चेकमध्ये गाडी नापास होईल. तिथे बॉनेट उघडून डोळ्यांनी बघतात.

धातूबद्दल थोडक्यात. रंग दिलेलं साधं स्टील स्वस्त, पण गॅल्व्हेस्टनच्या खाऱ्या हवेत आणि बोट पाण्यात सोडताना उडणाऱ्या पाण्यात ते लवकर गंजेल. ४०९ स्टेनलेसला चुंबक चिकटतं, वरून तांबूस होतं, पण टिकतं. ३०४ मध्ये निकेल असतं, गंजाला सर्वांत चांगलं, महाग. तुमच्या वापराला ३०४ किंवा आतून-बाहेरून सिरॅमिक कोटिंग केलेलं घ्या. कापडी पट्टी गुंडाळू नका, ती ओल धरून ठेवते. फ्लँज ३/८ इंच जाड हवा. पातळ फ्लँज तापून वाकतो आणि पुन्हा तीच टिकटिक.

बसवताना उजव्या बाजूला ऑइलच्या डिपस्टिकची नळी बहुधा सोडावी लागेल. स्पार्क प्लगच्या वायरी नळीला टेकत नाहीत ना हे प्रत्येक सिलिंडरपाशी बोट घालून बघा, टेकली तर आठवड्यात जळते. मूळ मॅनिफोल्डला ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात नेणारी) किंवा हवेची नळी जोडलेली असेल तर हेडरलाही ती जोडायची सोय हवी. पहिल्या काही वेळा इंजिन तापून पूर्ण निवल्यावर बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.

कंपन्यांमध्ये शॉर्टीसाठी जेबीए आणि गिब्सन आधी बघा. कूक्स, अमेरिकन रेसिंग हेडर्स ही नावं तुम्ही ऐकली असतील, ती मुख्यतः लाँग ट्यूबची, आणि त्यांचा बराचसा माल शर्यतीच्या मैदानापुरता म्हणूनच विकला जातो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण बोट ओढणाऱ्याला सांगायलाच हवी. ग्लोव्ह बॉक्समधलं पांढरं स्टिकर बघा, त्यावर तीन-तीन अक्षरी कोड असतात. जीयू६ असेल तर मागच्या ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. जीयू६ निघाला तर गिअर ४.१० चे करून घ्या. प्रत्येक गिअरमध्ये, अगदी जागेवरून उठतानाही, चाकाला २० टक्के जास्त जोर मिळतो. असा फरक कोणताही हेडर देणार नाही. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा ॲक्सलही बदलावा लागेल, खर्च वाढेल, आणि दोन्ही प्रकारांत स्पीडोमीटर कॉम्प्युटरमधून जुळवून घ्यावा लागेल. हायवेवर पेट्रोल थोडं जास्त जाईल.

तुमच्या जागी मी असतो तर या महिन्यात बोल्ट काढून बिडाचे मॅनिफोल्डच नव्या गॅस्केटवर परत बसवले असते आणि हेडरचे पैसे गिअरसाठी बाजूला ठेवले असते. स्टिकरवर कोणता कोड आहे आणि गाडी टू-व्हील ड्राइव्ह आहे की फोर, ते कमेंटमध्ये लिहा, म्हणजे गिअरच्या खर्चाचा अंदाज सांगता येईल.