अमेरिकेतल्या अनेक राज्यांचा कर कायदा शोधायला एखादा तयार चार्ट पुरतो का?

प्रश्नकर्ते पुण्यातल्या एका ऑफिसात अमेरिकेच्या राज्य-करांच्या टीममध्ये नुकतेच लागलेत. क्लायंट सबस्क्रिप्शनवर सॉफ्टवेअर विकतो, ग्राहक वीस-पंचवीस राज्यांत पसरलेत. कुठलं सबस्क्रिप्शन घेतलं की प्रत्येक राज्यासमोर ‘कर लागतो’ किंवा ‘लागत नाही’ असं लिहिलेला तक्ता हातात येईल, एवढंच त्यांना हवंय.

येईल की. असे तक्ते ढिगाने मिळतात. फक्त तक्त्यावर काम उरकणाऱ्या एका साहेबांच्या हाताखाली मी बरेच दिवस काढलेत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. घाई असेल तर इथेच थांबा.

राज्यात दुकान-गोडाऊन नसलं तरी राज्य विक्रेत्याला सेल्स टॅक्स गोळा करायला लावू शकतं, असं सांगणारा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा वेफेअर खटल्याचा निकाल जून 2018 मध्ये लागला आणि त्यानंतर आमच्याकडे डेलावेअरमध्ये उपकंपनी काढलेल्या इकडच्या कंपन्यांची रांग लागली. तोवर त्यांना वाटायचं, तिकडे दुकान नाही, गोडाऊन नाही, मग सेल्स टॅक्स कसला? त्यातलीच एक बाणेरची कंपनी. हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर विकायची, वार्षिक सबस्क्रिप्शनवर. ग्राहक टेक्सास, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कॅलिफोर्निया आणि इलिनॉयमध्ये.

साहेबांनी चार्ट उघडला. टेक्सास: हो. न्यूयॉर्क: हो. पेनसिल्व्हेनिया: हो. कॅलिफोर्निया: नाही. इलिनॉय: नाही. “चला, दोन राज्यं गळाली. मेमो लिहून टाक.”

मी ग्राहकांच्या पत्त्यांची शीट उघडून बसलो होतो. इलिनॉयचे जवळजवळ सगळे ग्राहक शिकागो शहरातले. त्यावर कंपनीचा एक सेल्सवाला राहायलाही शिकागोतच, घरून काम करायचा, म्हणजे नेक्ससचा, कर लावण्याइतका त्या जागेशी संबंध आहे की नाही याचा, वाद घालायलाही जागा नव्हती. इलिनॉय राज्य असल्या सॉफ्टवेअरवर सेल्स टॅक्स लावत नाही, हे खरंच आहे. पण शिकागो शहराचा स्वतःचा एक कर आहे, वस्तू भाड्याने देण्याच्या व्यवहारावरचा. शहराच्या संहितेत 3-32 या क्रमांकाचं प्रकरण बघा. शहराचं म्हणणं असं, की ग्राहक जेव्हा तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा डेटा टाकतो, बदलतो, परत काढतो, तेव्हा तो तुमचा कॉम्प्युटर भाड्याने वापरत असतो. सर्व्हर कुठे का असेना, वापरणारा शिकागोत बसलाय ना? मग कर लागला. शहराच्या अर्थखात्याने 2015 मध्ये काढलेल्या 12 नंबरच्या रूलिंगमध्ये हे उदाहरणांसकट लिहिलंय. मी त्याची प्रिंट काढली, ओळींवर पिवळा मार्कर फिरवला आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

साहेबांनी ती वाचली नाही. बाजूला सरकवली आणि म्हणाले, “राज्यच कर लावत नाही तर शहर कुठून लावणार? शहर काय राज्याच्या वर आहे?”

मी सांगितलं, इलिनॉयच्या 1970 च्या राज्यघटनेनेच मोठ्या शहरांना स्वतःचे कर लावायची मुभा दिलीय, पंचवीस हजारांवर वस्ती असली की ती आपोआप मिळते. त्यावर उत्तर आलं, “चार्टमध्ये आहे का? नाही ना? मग क्लायंट या तासांचे पैसे देणार नाही.”

गंमत म्हणजे साहेब मूळचे लक्ष्मी रोडचे. 2013 मध्ये पुण्यात एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, तेव्हा ते त्याच व्यापाऱ्यांची वह्या-खाती बघत होते. राज्याचा व्हॅट वेगळा, महापालिकेचा एलबीटी वेगळा, दोन्हींचं रजिस्ट्रेशन वेगळं, हे त्यांनी स्वतः फॉर्म भरून अनुभवलेलं. पुण्याची महापालिका कर लावते हे कळणाऱ्या माणसाला शिकागोची महापालिका लावू शकते हे का कळू नये, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

मेमो शिकागोशिवाय गेला. पुढे एका ग्राहकाच्या अकाउंट्स खात्यातून बाणेरला मेल आली: आमचं शहराकडून ऑडिट चालू आहे, तुमच्या इनव्हॉइसवर लीज टॅक्सची ओळ दिसत नाही, तुम्ही नोंदणी केली आहे का? या कराची रचना अशी की तो पडतो भाड्याने घेणाऱ्यावर, आणि गोळा करायचा देणाऱ्याने. म्हणजे आता जुने इनव्हॉइस काढून ग्राहकांकडे मागचा कर मागायचा, नाहीतर खिशातून भरायचा. त्यात दर दरवेळी वेगळा. क्लाउड सॉफ्टवेअरसाठी 2016 पासून 5.25 टक्के, 2020 पासून 7.25, 2021 पासून 9. 2025 मध्ये तो 11 झाला. एकाच ग्राहकाच्या एकाच करारावर तीन दर लावून शीट बनवायला आम्हीच बसलो, रात्रीच्या कॉलनंतर. साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, “या मुद्द्यावर आपली टीम आधीपासून नजर ठेवून होती.” माझी पिवळ्या मार्करची प्रिंट अजून माझ्याकडे आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे.

ऑफिसात ज्या मोठ्या कंपनीचा डेटाबेस असेल तोच वापरा. तीनही मोठे जवळपास सारखेच, आणि ते काय घ्यायचं हे तुमच्या हातात नसतंच. डेटाबेस खरा कामाला येतो तो कलमांची जुनी रूपं शोधायला आणि बदलाची खबर मिळायला. ऑडिट नेहमी मागच्या वर्षांचं असतं, आणि आजचं कलम वाचून 2019 चं उत्तर दिलं की फसलात. साउथ डकोटाचंच घ्या. ज्या राज्याच्या कायद्यावरून वेफेअर खटला झाला, त्याची मर्यादा होती एक लाख डॉलरची विक्री किंवा 200 व्यवहार. त्यातली 200 व्यवहारांची अट त्यांनी 1 जुलै 2023 पासून काढून टाकली. तुमच्या चार्टवर तारीख नसेल तर तो कुठल्या वर्षाचा हे तुम्हाला कोण सांगणार?

चार्टमधला ‘हो’सुद्धा किती बोलतो बघा. टेक्सासच्या रकान्यात ‘हो’ असतं. पण टेक्सास अशा सॉफ्टवेअरला डेटा प्रोसेसिंग सेवा धरतं आणि त्या सेवेच्या किमतीतला 20 टक्के भाग माफ असतो. म्हणजे 100 डॉलरच्या बिलावर कर 80 डॉलरवर. राज्याचा 6.25 आणि स्थानिक जास्तीत जास्त 2 मिळून 8.25 टक्के धरले तर 6 डॉलर 60 सेंट. नुसता ‘हो’ वाचून 8 डॉलर 25 सेंट लावणारे इनव्हॉइस मी पाहिलेत, आणि जास्त घेतलेला कर ग्राहकाला परत करायला वेगळी कसरत.

न्यूयॉर्क आणखी मजेशीर. तिथल्या कर कायद्यात क्लाउड सॉफ्टवेअरचं नावही नाही. तयार सॉफ्टवेअर म्हणजे वस्तू, एवढं कलम 1101 मध्ये आहे. दूर बसून ते वापरायचा परवाना म्हणजे ताबाच, ही भूमिका सगळी खात्याच्या सल्लापत्रांत, म्हणजे एखाद्या अर्जदाराच्या प्रश्नाला खात्याने दिलेल्या लेखी उत्तरांत, वाढलेली. शिवाय कर लागतो तो वापरणारे कर्मचारी जिथे बसलेत त्या जागेनुसार. बिलाचा पत्ता मॅनहॅटनचा असला आणि वापरणारे निम्मे न्यू जर्सीत असले तर न्यूयॉर्कचा कर निम्म्यावरच. पेनसिल्व्हेनियानेही 2012 च्या एका पत्रात अशीच भूमिका घेतली, वापरणारा राज्यात असेल तर कर. त्यामुळे चार्ट उघडण्याआधी क्लायंटला विचारा: लॉगिन कुठून होतात? हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारायचंच नाही, कारण चार्टला त्याची गरज नसते.

ही सल्लापत्रं फुकट आहेत. न्यूयॉर्कची खात्याच्या साइटवर वर्षवार लावलेली, टेक्सासची ‘स्टार’ नावाच्या त्यांच्या संग्रहात, शोधता येतात. शिकागोची संहितासुद्धा कुणालाही ऑनलाइन वाचता येते. वाचताना एक पाळा. पत्रात अर्जदाराचं नाव खोडलेलं असतं, पण त्याने काय विकलं ते सविस्तर असतं. ते तुमच्या क्लायंटच्या करारासमोर ठेवून ओळीने ताडा. अर्जदार डेटा फक्त साठवत होता आणि तुमचा क्लायंट त्यावर पगार काढतोय, तर ते पत्र तुमच्या उपयोगाचं नाही, शीर्षक कितीही जुळू दे. आणि जुळलं तरी ते पत्र खात्याला बांधून ठेवतं फक्त त्या अर्जदारापुरतं.

स्थानिक करांसाठी इलिनॉयपेक्षाही डोकं खाणारं राज्य म्हणजे कोलोराडो. तिथे डेन्व्हरसारखी सत्तरच्या आसपास शहरं स्वतःचा सेल्स टॅक्स स्वतः गोळा करतात, आणि काय करपात्र ते स्वतःच्या व्याख्येने ठरवतात. पिन कोडवर विसंबू नका. टपालाचा पत्ता एंगलवूडचा असतो आणि जागा निघते सेंटेनियल शहराच्या हद्दीत. लुइझियानात पॅरिश, म्हणजे तिथले जिल्हे, स्वतः वसुली करतात. अलास्काला राज्याचा सेल्स टॅक्स नाही म्हणून चार्टमध्ये रेघ मारलेली असते, पण तिथल्या कित्येक गावांना स्वतःचा आहे.

क्लायंट भारतीय असेल तर आणखी एक वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल: “भारत-अमेरिका करार आहे ना, आमची तिकडे कायमची आस्थापना नाही, मग कर कसा?” तो करार फेडरल, म्हणजे केंद्राच्या, आयकराचा. राज्यं त्याला बांधील नाहीत. वॉशिंग्टन राज्याचा बी अँड ओ किंवा ओहायोचा कॅट हे तर उलाढालीवरचे कर, तिथे नफ्याचा प्रश्नच येत नाही. मग कुणीतरी 1959 चा 86-272 हा कायदा पुढे करतं. तो फक्त वस्तूंच्या ऑर्डरी गोळा करणाऱ्यांना वाचवतो, तेही निव्वळ उत्पन्नावरच्या करापासून. सॉफ्टवेअरची सेवा विकणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. साहेबांनी तोही एकदा क्लायंटसमोर फेकला होता, आणि मी टेबलाखालून पाय हलवत बसलो होतो.

त्यांचा शेवटचा युक्तिवाद नेहमी एकच: रक्कम किरकोळ आहे, नोटीस आली की बघू. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. रिटर्नच भरला नाही तर मागचा कर मागायच्या मुदतीचं घड्याळ सुरूच होत नाही, राज्य दहा वर्षं मागे जाऊ शकतं. आपणहून गेलात तर बहुतेक राज्यं तीन-चार वर्षांवर भागवतात आणि दंड सोडतात. पण हा रस्ता राज्याचं पत्र यायच्या आधीच उघडा असतो. नोटीस आल्यावर बघणाऱ्याला तो मिळत नाही. म्हणून ग्राहकांच्या यादीत शिकागो दिसलं तर तुमच्या मॅनेजरला विचारा, आणि तोंडी नको, मेलवर विचारा. उत्तर काय येतं ते जपून ठेवा.

थोडं माझ्या बाजूने राहिलेलं. मी जे बोललो ते बहुतेक सेल्स टॅक्सचं आहे. आयकराची राज्यवार विभागणी हा वेगळाच प्रांत, आणि तिथे काही राज्यं फेडरल रिटर्नमधला उत्पन्नाचा आकडा उचलूनच सुरुवात करतात, त्यामुळे भारत-अमेरिका कराराचा फायदा मागच्या दाराने मिळतो. कौंटीच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या वाटेला मी कधी गेलो नाही. चार्टही अगदी टाकाऊ नसतो. चाळीस राज्यांतून कुठली आठ आधी वाचायची हे ठरवायला मी आजही तोच उघडतो, फक्त मेमोत त्याचा आधार देत नाही. शिकागोचे दर मी 2025 पर्यंतचे दिलेत. शहराच्या बजेटबरोबर ते बदलतात, त्यामुळे इनव्हॉइसवर टाकायचा आकडा माझ्या उत्तरातून उचलू नका, शहराच्या अर्थखात्याच्या पानावरून घ्या.