अकराव्या पानावर अडकलेलं पुस्तक

"मॅडम, पाचवीपर्यंत हा नुसता वाचत सुटायचा. आता सातवीत गेला, तर पुस्तकाला हात लावत नाय."

हर्णैहून आलेल्या एका आईचं हे बोलणं. शाळा सुरू झाल्या की ही तक्रार घेऊन दोन-चार पालक तरी दापोलीत माझ्याकडे येतातच. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा खिडकीकडे तोंड करून बसला होता. आईने पिशवीतून वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' काढून टेबलावर ठेवलं. अकराव्या पानावर खूण म्हणून एसटीचं तिकीट होतं, मार्चमधलं. आता जून उजाडला होता.

"रोज दोन पानं वाचायची, मग मोबाइल. असं ठरवलंय आम्ही."

1981 सालापासून हे पुस्तक घराघरांत वाचलं जातंय, आणि मीही ते कितीतरी मुलांच्या हातात दिलंय. पण मोबाइल मिळवायचा म्हणून भरायचा टोल झाला, की कितीही चांगलं पुस्तक मुलाला डोईजड होतं.

आधी एक खात्री करून घेतली. त्याला एक उतारा मोठ्याने वाचायला दिला. अक्षरं गाळत असेल, ओळ सुटत असेल, तर प्रश्न आवडीचा नसतो. डोळे तपासायला हवेत, वाचनातली अडचण तपासायला हवी. तो मात्र सरळ वाचत गेला.

मग विचारलं, "अलीकडे कुणाला काय समजावून सांगितलंस?" आवडतं पुस्तक कोणतं, असं विचारलं की मुलं आपल्याला बरं वाटेल ते उत्तर देतात. या प्रश्नाला खरं उत्तर येतं.

"कासवांचं," तो म्हणाला. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर मावसभावाला दाखवायला नेलं होतं. ऑलिव्ह रिडलेची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, पिल्लं निघायला दीड-दोन महिने लागतात. आणि मग खुर्ची ओढून माझ्याकडे वळत, "वाळू जास्त गरम असली ना, तर माद्या जास्त होतात. थंड असली तर नर. माहितीये तुम्हाला?"

आई बघतच राहिली. "हे कुठे वाचलंस रे?"

"तिथल्या बोर्डावर. मग पेपरातपण आलेलं."

तो वाचत होताच, फक्त घरात त्याला कुणी वाचन म्हणत नव्हतं. आईचा प्रश्न रास्त होता: "पण ही नुसती माहिती. गोष्टीची पुस्तकं वाचल्याशिवाय भाषा कशी सुधारणार?" मी म्हटलं, ताई, ज्याला 'कसं' आणि 'का' हवं असतं, त्याला आधी पोटभर माहिती वाचू द्या. त्या वाटेनेच तो गोष्टीकडे येईल. जबरदस्तीने ओढलंत तर दोन्ही सुटेल. बारा-तेराच्या मुलाला आपली आवड कुणी लहान लेखू नये असं फार वाटतं.

दोन गोष्टी ठरल्या. दोन पानांचा नियम बंद. आणि वीस-पंचवीस पानांत मन लागलं नाही, तर पुस्तक परत करायची मुभा, कारण न विचारता. हे दुसरं आईला पटायला वेळ लागला.

माझ्याकडे बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक असतात. त्यातले चार त्याला दिले, कारण एकाच अंकात गोष्ट आणि माहिती शेजारी शेजारी असते. भा. रा. भागवतांचा एक 'फास्टर फेणे'ही दिला. तो दुसऱ्याच आठवड्यात परत आला. "बरं होतं, पण नको." ठीक.

मग व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' काढलं. छोटीशी कादंबरी, वानरांच्या टोळ्यांची. कोकणात वानर कुणाला सांगायला नको, यांच्याही परसातली केळी दरवर्षी जातात. माणसाने रानात बसून बारकाईने पाहिलेलं यात गोष्ट होऊन आलंय, म्हणून अशा मुलाला ते जवळचं वाटतं. पण यात मारामारी आहे, पिल्लांचे जीव जातात. म्हणून आईला सांगितलं, आधी तुम्ही वाचा, मग द्या. सरसकट सगळ्या सातवीच्या मुलांना मी ते देत नाही.

जुलै होता. मासेमारी बंद, वडील पडवीत जाळी विणत बसलेले. याने तिथेच, दोऱ्यांच्या गुंत्यात बसून वाचून काढलं आणि पुढच्या भेटीत आल्या आल्या विचारलं, "नव्या हुप्प्याने पिल्लं का मारली? खरंच असं करतात?"

खरंच करतात, आणि का, यावर आम्ही अर्धा तास बोललो. माद्यांचं काय होत असेल, हे त्याने स्वतःहून विचारलं. माहितीच्या पुस्तकाने त्याच्यापुढे हा प्रश्न कदाचित टाकला नसता.

निघताना तो दारात थांबला. "समुद्रावरचं असं काय आहे का? गोष्टीतलं चालेल."

माझ्या कपाटात नव्हतं. आईला म्हटलं, आता वाचनालय गाठा. तिने पर्स उघडून स्वतःचं कार्ड काढलं, तर हा म्हणाला, "तुझ्या कार्डावर नको, आई. माझं वेगळं काढ."