जन्मदाखल्यावर नाव नाही, ग्रीन कार्डचा अर्ज कसा करू?

प्रश्न : मी अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आहे. नवरा अमेरिकन नागरिक. ग्रीन कार्डचा अर्ज इथूनच करता येईल का? माझ्या जन्मदाखल्यावर नाव नाही. मध्येच आईला भेटायला नाशिकला जाता येईल का?

उत्तर : हो, इथूनच करता येतो. नवऱ्याचा आय-१३० (पत्नीसाठी नात्याचा अर्ज) आणि तुमचा आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) हे फॉर्म एकत्र पाठवा. सोबत त्याचे आर्थिक हमीपत्र आय-८६४. वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ डिसेंबर २०२४ पासून अर्जासोबतच लागतो, नंतर देऊ म्हटलेले चालत नाही. लिफाफा डॉक्टरने बंद केलेलाच ठेवा, उघडू नका.

खरी अडचण दाखल्याची. जिथे जन्माची नोंद आहे त्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव घालून नवा दाखला काढा. ते जमेपर्यंत जुना दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघा वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडा. नोंदच नसेल तर आधी तसा अनुपलब्धता दाखला हवा; नुसती प्रतिज्ञापत्रे पुरत नाहीत. मराठी कागदांचे पूर्ण इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सहीच्या प्रमाणपत्रासह द्या. नोटरी लागत नाही.

आईची ओढ समजते, पण आय-१३१ वर प्रवासाची परवानगी हातात येण्याआधी देश सोडलात तर अर्ज सोडून दिला असे धरतात. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) धारकांना असलेली सूट एफ-१ला नाही.