कंपन यंत्रातील दगडांसाठी भराव कोणता?

प्रश्न : मालवणच्या किनाऱ्यावर गोळा केलेल्या गारगोट्या मी कंपनावर चालणाऱ्या पॉलिश यंत्रात घालतो, पण त्या एकमेकींवर आपटून कडांचे टवके उडतात. भरावासाठी प्लास्टिकचे दाणे घ्यावेत की सिरॅमिकचे? किनाऱ्यावरची वाळू चालेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : सिरॅमिकचे घ्यावेत. प्लास्टिकचे दाणे हलके असल्याने कंपनाचा जोर शोषून घेतात, शिवाय त्यांच्या मऊ पृष्ठभागात रुतलेली भरड पूड (दगड घासण्यासाठी यंत्रात घालतात ती, आधी भरड आणि पुढे बारीक) पुढच्या टप्प्यात सुटून चकाकीवर ओरखडे पाडते, म्हणून प्रत्येक टप्प्याला त्यांचा वेगळा संच लागतो. सिरॅमिकच्या लहान नळकांड्या मात्र दगडांमधल्या फटी भरतात, पूड कानाकोपऱ्यांत पोचवतात आणि स्वच्छ धुऊन पुन्हा वापरता येतात. तरीही अखेरच्या पॉलिशसाठी वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या. नव्या नळकांड्यांच्या कडा बोटाला टोचतात, तेव्हा त्या आधी भरड टप्प्यात फिरवून बोथट कराव्यात.

वाळू घालू नये. ती बहुतांशी गारगोटीचाच चुरा, म्हणजे मोहस मापनात (खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 आकड्यांत सांगणाऱ्या) कठीणपणा 7, तुमच्या दगडांइतकाच. पॉलिशच्या टप्प्यात तिचा एक कणही नडतो.

टवके मात्र केवळ भरावामुळे उडत नसावेत. भांडे अर्धवट भरले असेल तर दगड उसळतात; ते पाऊण ते चार-पंचमांश भरावे आणि पाणी दगड ओले राहून पातळ लगदा होईल इतकेच घालावे. आणि गारगोट्यांत जांभ्याचे खडे मिसळू नका. तो सच्छिद्र असतो, झिजून सगळा लगदा तांबडा करतो.